होशेयच्या देवाला ‘संशयी नवरा’ म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी

गवतीचहा
काल ‘पारावरचा’ यांनी लिहिलं: "जुन्या करारातल्या हिब्रू संदेष्ट्यांचा देव म्हणजे बायकोचा फोन तपासणारा नवरा. दहा आज्ञांतच स्वतःला ईर्ष्यावान म्हणवून घेतो. याला प्रेम कसलं म्हणायचं?" वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लांबलचक उत्तर देतोय. नवख्यांसाठी: होशेय हा जुन्या करारातला संदेष्टा. त्याची बायको गोमर त्याला सोडून दुसऱ्यांकडे जाते, आणि त्यावरून तो देव म्हणजे नवरा, इस्राएल म्हणजे बायको असं रूपक मांडतो.

‘ईर्ष्या’साठी मूळ हिब्रू शब्द ‘किनआ’. मत्सर म्हणजे दुसऱ्याचं ते मला हवं. किनआ म्हणजे ज्याला शब्द दिला ते माणूस हातचं जाताना होणारी तगमग. जखऱ्या ८ उघडा. देव म्हणतो, सियोनेसाठी, म्हणजे यरुशलेमसाठी, मी मोठ्या किनआने पेटलोय. आणि लगेच पुढे काय? यरुशलेमच्या चौकात म्हातारेकोतारे हातात काठी घेऊन बसतील, गल्ल्या खेळणाऱ्या पोरांनी भरतील. उद्ध्वस्त गावाबद्दल संशयी नवरा असं बोलतो?

आणि होशेय २:१६. "त्या दिवशी तू मला ‘इशी’ म्हणशील, ‘बाली’ म्हणणार नाहीस." बाल म्हणजे मालक, बाल म्हणजे कनानी देव आणि बाल म्हणजे नवराही. आपल्याकडे ‘धनी’ आणि ‘माझा माणूस’ यात जो फरक, तोच हा. मालकी सोडतोय तो.

पारावरचा
म्हातारे आणि पोरं छानच, पण मुद्दा तोच राहतो. माझ्याशिवाय कोणी नको, हा हट्ट कशासाठी? सीनायमध्ये कुंतिल्लेत अज्रूदला १९७५-७६ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या रांजणावर होशेयच्या थोड्याच आधीच्या काळातला आशीर्वाद सापडला: "शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा". याहवे म्हणजे हाच देव, अशेरा ही कनानी देवी, शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी. लोकांच्या घरात दोघं सुखाने नांदत होते. भांडण संदेष्ट्यांनी लावलं.

अष्टमी
ज्या अध्यायात तुमचं ‘इशी’ आहे, त्याच्याच तिसऱ्या वचनात "तिला नागवी करीन, जन्मली त्या दिवशीसारखी उघडी ठेवीन" आहे. सहाव्यात तिच्या वाटेला काटेरी कुंपण. चौदाव्यात रानात नेऊन गोड बोलणं. हा क्रम मी घरात बघितलाय. माझ्या ताईचा नवरा मारायचा आणि दुसऱ्या दिवशी गजरा आणायचा. गजऱ्याचा पुडा फ्रिजवर ठेवायचा, तिच्या हातात द्यायचा नाही. तिनेच जाऊन उचलायचा. ती माहेरी आली तर आमच्या पाळकांनी होशेयचंच उदाहरण देऊन परत पाठवली: देव क्षमा करतो, तूही कर. सोळा वर्षं गेली त्यात.

आणि किनआची व्याख्या सोयीची करू नका. उत्पत्ती ३० मध्ये बहिणीला मुलं होतात म्हणून राहेल जळते, तिथे हेच क्रियापद आहे.

गवतीचहा
राहेलचं बरोबर. माझी व्याख्या अपुरी होती. ताईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्या पाळकांनी होशेय उलटा वाचला. त्या गोष्टीत शब्द मोडणारी बाजू कोणती आणि क्षमा करणारी कोणती? मार खाणाऱ्याने परत जावं, असं होशेय कुठेच सांगत नाही.

तेलघाणा
दोन गोष्टी.

पहिली, इथे सर्रास ‘जुना करार’ म्हटलं जातं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. आमच्यासाठी तो जुना नाही, तेवढाच आहे. दरवेळी सांगावं लागतं, आणि दरवेळी वाचून सोडून देतात.

दुसरी, माझे आजोबा सकाळी प्रार्थनेला तेफिलिन बांधायचे, म्हणजे आत शास्त्रवचनं असलेल्या चामडी डब्या. डाव्या हाताला काळ्या चामड्याच्या पट्टीचे वेढे, शेवटी मधल्या बोटाला तीन. बोटाला गुंडाळताना होशेयचीच वचनं म्हणायचे: मी तुझ्याशी कायमची सोयरीक करतो, नीतीने, न्यायाने, हेसेदने (एकनिष्ठ मायेने), दयेने, विश्वासाने. पट्टी सोडली तरी बोटावर वळ राहायचा, मी तो चाचपून बघायचो. अष्टमीताईंनी सांगितलेल्या त्याच अध्यायाचा हा शेवट आहे. रोज सकाळी माणूस नवरी होऊन उभा राहतो त्यात, पुरुषसुद्धा.

कानामात्रा
‘जुना’वर आक्षेप आहेच, तर ‘करार’वरही घ्या. मी भाषांतराचं काम करतो, हा शब्द मला वर्षानुवर्षं खुपतो. मराठी माणसाच्या कानाला करार म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. मूळ हिब्रू शब्द बेरीथ, आणि हिब्रूत बेरीथ ‘कापतात’. यिर्मया ३४ मध्ये वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून चालत जातात: शब्द मोडला तर माझंही असंच होवो. तिथे ‘आणभाक’ हवं होतं. ईर्ष्या कळत नाही कारण करार कळत नाही.

तेलघाणा
आणभाक नाटकात शोभेल. सोयरीक म्हणा.

कानामात्रा
सोयरीक दोन घरांची असते. वासरू कुठे गेलं त्यात?

पारावरचा
करारच योग्य. मूळ अरबी शब्दात स्थिरपणा, ठाव असा अर्थ आहे, म्हणून तर मन थाऱ्यावर नसलेला बेकरार. शिवाय करार हा राजकारणाचाच शब्द हवा. अश्शूरच्या एसरहद्दोनने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून शपथा घेतल्या, त्यात कलम आहे: त्याचा वारस अशुरबनिपाल याच्यावर स्वतःच्या जिवासारखं प्रेम करा. त्याची एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातला मिळाली. म्हणजे ‘प्रेम’ हाच तहनाम्यातला शब्द. सम्राटाला दुसरा सम्राट चालत नव्हता, तीच भाषा देवाच्या तोंडी आली.

कानामात्रा
हे मला माहीत नव्हतं. तरी आजच्या वाचकाला ‘करार’मधून ते पोचत नाही, यावर ठाम आहे.

गवतीचहा
पारावरचा, तुमच्याच पुराव्याने तुमची पोस्ट पडते. होशेय ७ मध्ये एफ्राईम, म्हणजे उत्तरेकडचं इस्राएल राज्य, भोळ्या पारव्यासारखं कधी मिसरकडे (इजिप्तकडे), कधी अश्शूरकडे धावतं. ज्यांच्याकडे ती बायको जाते ते ‘जार’ म्हणजे बाल तर आहेतच, पण ही साम्राज्यंही आहेत. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास त्याच अश्शूरने शोमरोन घेतलं, माणसं हाकून नेली. फोन तपासणाऱ्याची तुलना कशी लागू होते सांगा.

अष्टमी
भाडेकरार झाला, अरबी झालं, अश्शूर झालं. गोमरबद्दल कोणी एक ओळ लिहिली? अख्ख्या पुस्तकात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. तिसऱ्या अध्यायात पंधरा शेकेल रुपं आणि दीड होमेर जव मोजून बाई विकत घेतात, ती काय म्हणाली ते नाही. ‘साम्राज्याचं रूपक आहे’ म्हणणं सोपं आहे. रूपकासाठी अंग कोणाचं वापरलं? यरुशलेमला व्यभिचारी बायको ठरवून शिक्षा सांगणारा यहेज्केल १६ तर मोठ्याने वाचवत नाही.

तेलघाणा
यात तुमच्या बाजूने आमचे रब्बी आहेत. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, रब्बी एलिएजर म्हणतात, यहेज्केलचा हा अध्याय सभेत वाचू नये. बाकीच्यांनी ऐकलं नाही, पण तुमची अस्वस्थता फार जुनी आहे.

गवतीचहा
अष्टमी, अंग कोणाचं, हा प्रश्न मला टाळता येत नाही, टाळतही नाही. त्या ओळींचं समर्थन करणार नाही.

फक्त दोन जागा दाखवतो. ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकातल्या २४ व्या अध्यायाप्रमाणे सोडलेली बायको दुसऱ्याची झाली, तर पहिल्याने तिला परत घ्यायचं नाही. यिर्मया ३ हा नियम आधी म्हणून दाखवतो आणि मग देवाच्या तोंडून म्हणतो, परत ये. स्वतःचाच कायदा तो स्वतःला लावत नाही. आणि होशेय ११: "एफ्राईमा, तुला मी कसा सोडू?" तिथे नवरा नाहीच, पोराला हात धरून चालायला शिकवणारं कोणीतरी आहे. मग वाक्य येतं: राग अमलात आणणार नाही, "कारण मी देव आहे, मनुष्य नाही". हिब्रूत ‘लो ईश’. ईश म्हणजे पुरुष, ‘इशी’मधलाच ईश. मला तिथे ऐकू येतं की पुरुषासारखं वागायला तो नकार देतोय.

अष्टमी
‘लो ईश’ मला कोणी दाखवलं नव्हतं. प्रवचनात तर नाहीच. अकरावा अध्याय घेते, ताईलाही वाचायला देईन. दुसरा तिच्यासमोर मी उघडणार नाही, आणि कोणी उघडलेला चालणारही नाही.