समुद्र नसला म्हणून काय झालं?

एकांनी लिहिलंय, 'मराठवाड्यात कुठला आलाय समुद्र, तिथं मासे काय खाणार?' अहो, नाथसागर आहे ना, पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय! जायकवाडीच्या आसपास ढाब्यांवर रोहू, कटला, वाम मिळतात, नशीब असेल तर मरळ. मिळाली तर मरळच घ्या, काटे कमी. रोहूच्या मांसात बारीक, बेचकीसारखे काटे असतात; गप्पा मारत खायचं काम नाही ते. हळद-मीठ-तिखट लावून कडक तळलेला तुकडा, कुरकुरीत कातडी, सोबत ज्वारीची गरम भाकरी न् कांदा. सुरमई मात्र तिथं मागू नका. मी एकदा मागितली, तर बर्फातली निघाली. चव कापसाची, बिल मरळीच्या दुप्पट! आणि हो, ऑर्डर देण्याआधी कच्चा मासा बघायला मागा. कल्ले लालभडक हवेत.