दार्जिलिंगचं 'बी' क्लास इंजिन: बघायला जाणाऱ्यांसाठी

'दोन फुटी रुळांवरची वाफेची इंजिनं ज्यांना आतून-बाहेरून ठाऊक आहेत त्यांनी लिहा. आठवणी नकोत, कामाचं सांगा,' अशी मागणी होती. त्याला हे उत्तर.

*

दार्जिलिंग ते घूम वाफेवरची जॉयराइड (पर्यटकांसाठीची छोटी फेरी) ओढतं ते चार चाकांचं 'बी' क्लास. ग्लासगोच्या शार्प स्ट्युअर्टने 1889 पासून घडवलेला नमुना. सिलिंडर 11 इंच व्यासाचा, आतल्या दट्ट्याची (पिस्टनची) धाव 14 इंच, चाक 26 इंच व्यासाचं, बॉयलरमध्ये वाफेचा दाब दर चौरस इंचाला 140 पौंड. दातेरी रूळ नाही, सगळी भिस्त चाकांच्या पकडीवर. म्हणून पुढच्या बीमवर वाळू टाकायला माणसं बसतात. वाळू कोरडीच लागते. ओली असली की गोळे होतात आणि नेमकी रुळावर पडत नाही. चाक जागच्या जागी फिरलं की ड्रायव्हर आधी रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) मिटतो, मग वाळू, मग बेताबेताने वाफ. तसंच रेटलं तर रूळ आणि चाक दोन्ही खरवडतात.

*

कान उघडे ठेवा. दोन सिलिंडर, दट्ट्याच्या दोन्ही अंगांना वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चिमणीतून सुटणाऱ्या वाफेचे चार ठोके आणि सुमारे 2.07 मीटर अंतर. सेकंदाला पाच ठोके म्हणजे ताशी 9 किमीच्या आसपास. एक ठोका जोरात, एक दबका असं लंगडत असेल तर व्हॉल्व्हची जुळणी बिघडलेली असते. हे चढावरच कळतं; उताराला रेग्युलेटर बंद, ऐकणार काय!

*

कॅबमध्ये डोकावलात तर बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी बघा. चिमणी चढाकडे असेल तर बॉयलरमधलं पाणी मागे, फायरबॉक्सकडे (कोळसा जळतो त्या पेटीकडे) सरकतं. उताराकडे असेल तर उलट, आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडायची भीती. माथ्यातला शिशाचा प्लग वितळला की वाफ आगीवर येते आणि फेरी तिथेच संपते. म्हणून पाणी वर ठेवायचं, पण फार भरलं तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. पाणी दबत नाही, सिलिंडरचं झाकणच फुटू शकतं.

*

माथेरानची जुनी, जर्मन ओरेन्स्टाइन-कोपेल कंपनीची इंजिनं याच गेजची (रुळांमधलं अंतर दोन फूट), पण सहा चाकी. वळणांसाठी टोकाच्या चाकजोड्या पोकळ आसांवर बसवलेल्या, थोड्या फिरतात आणि बाजूला सरकतात. 'बी' क्लासला दोनच आस, ते जवळजवळ. ही भानगडच नाही.

*

फोटोला घूमच्या वाटेवरचं बतासिया लूप (रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडतात ती जागा), थंडीतली सकाळ. गार हवेत वाफ पांढरी दिसते, दुपारच्या उन्हात विरून जाते. पहिल्या डब्यात बसलात तर खिडकीतून डोकं काढू नका, कोळशाचे कण थेट डोळ्यांत जातात.