1932 चं कार्टून खरंच रंगीत होतं की नंतर रंगवलंय?

कोथरूडची_आई:
परवा रात्री लेकीला झोपायच्या आधी काहीतरी शांत दाखवावं म्हणून यूट्यूबवर शोधत होते तर डिस्नेचं 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' सापडलं, जेमतेम आठ मिनिटांचं, बोलणं अजिबात नाही नुसतं संगीत. जंगलाला सकाळी जाग येते, फुलं आळोखेपिळोखे देतात, दोन तरुण झाडांचं जमतं आणि एक वठलेलं म्हातारं झाड जळफळून सगळ्या जंगलालाच आग लावतं. लेक पांघरुणात शिरून एका डोळ्याने बघत होती, मग पक्षी ढगांना भोकं पाडतात आणि पाऊस येतो तिथे उठून बसली. खाली साल 1932 दिलंय. सासरे म्हणतात तेव्हा कुठला आलाय रंग, 'मुघल-ए-आझम' जसा नंतर कॉम्प्युटरवर रंगवला तसंच हे असणार. मला नाही पटत, त्या आगीचा रंग बघून तर नाहीच. कोणाला नक्की माहितीये का? आणि लेक विचारतेय कसं केलं, तिला सांगता येईल असं सांगा प्लीज.

रीळवेडा_पुणे:
ताई, रंग मूळचाच आहे. गंमत म्हणजे हे आधी ब्लॅक अँड व्हाइट म्हणूनच सुरू झालं होतं, बरंच काम झालेलं असताना वॉल्ट डिस्नेने ते बाजूला ठेवून रंगात परत करायला घेतलं. तोपर्यंत टेक्निकलर (त्याच नावाच्या कंपनीची रंगीत फिल्मची पद्धत) होतं पण दोन रंगांचं, त्यात निळं आभाळ धड यायचंच नाही, हे पूर्ण तीन रंगांत आलेलं पहिलं कार्टून आणि कार्टूनसाठीचं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं. शिवाय डिस्नेने टेक्निकलरशी असा करार केला की 1935 संपेपर्यंत बाकीच्या कार्टूनवाल्यांना तीन रंग मिळालेच नाहीत, त्यांना दोनावर भागवावं लागलं.
लेकीला असं सांगा. माणसांचं शूटिंग असेल तर माणूस हलतो, म्हणून कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्म पळवायला लागायच्या. कार्टूनचं चित्र काही पळून जात नाही, त्यामुळे नंतर तर एकाच चित्राचे लाल, हिरव्या, निळ्या काचेतून लागोपाठ तीन फोटो काढायचे, तेही साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर. मग त्यावरून तीन ठसे करून एकावर एक रंग उमटवायचे, आपण दारात तीन छापे वापरून रांगोळी काढतो ना अगदी तसं. छापा केसभर जरी सरकला तरी रांगोळी बिघडते, आणि इथे सेकंदाला चोवीस चित्रं!

जुना_ऑपरेटर:
वरच्यांनी ठशांचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. मी पेठेतल्या एका थिएटरात बरीच वर्षं ऑपरेटर होतो. नंतरच्या काळातल्या साध्या रंगीत प्रिंट काही वर्षांत लाल पडायच्या, आभाळ गुलाबी, हिरोईनची हिरवी साडी विटकरी, बघून जीव तुटायचा. पण शाईने उमटवलेली जुनी टेक्निकलर प्रिंट कधी हाताला लागली की आतले रंग जसेच्या तसे असायचे. सासऱ्यांना सांगा, जुनं म्हणजे फिकट असं नसतं हो.

प्रभात_रोडकर:
सासऱ्यांचा मुद्दा आपल्याकडच्या हिशोबाने मात्र बरोबर आहे, आपल्याकडे तेव्हा सगळं कृष्णधवलच होतं. पण 1933 मध्ये प्रभातने 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला होता आणि त्यासाठी शांताराम बापू फिल्म घेऊन थेट जर्मनीला गेले. रंग मनासारखे आले नाहीत. त्याच वर्षी प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आली, आजची फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच जागा. तिथून जाताना मला दरवेळी वाटतं की आपली माणसं त्याच वेळी त्याच गोष्टीच्या मागे लागली होती, हे शाळेत कोणीतरी सांगायला हवं होतं.

कोथरूडची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. ते काही न बोलता कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून लाल, हिरवा, निळा असे तीन जिलेटिन पेपर घेऊन आले, आता दोघं बाल्कनीत बसलेत. लाल कागदातून जास्वंदीचं फूल एकदम उजळ दिसतं आणि पानं काळी, हे लेक आल्यागेल्या प्रत्येकाला बोलावून दाखवतेय.