मनगटावरच्या घड्याळात पावलं किती खरी? तुमचे अनुभव सांगा

मी 58 वर्षांची. साखर जरा वाढलीय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून लेकाने फिटनेस बँड घेऊन दिला. गेल्या रविवारी पावसामुळे घराबाहेर पडलेच नाही, पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. दुपारी बघते तर 4,212 पावलं! सोमवारी बिल्डिंगखाली 500 पावलं तोंडाने मोजत चालले. हात मोकळे होते तेव्हा बँडने 493 धरली, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या तेव्हा 402.

तुमचं काय? नुसतं बरोबर की चूक नको. काय करताना किती फरक पडला, तेही लिहा.

*

ताई, पोळ्यांचं अगदी खरं. घड्याळातल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भागाला, पाय कळत नाही, मनगटाचे हिसके कळतात. ते ठरावीक तालात आले की पाऊल धरलं जातं, आणि लाटण्याला ताल असतोच. उलट ओट्यापासून फ्रीजपर्यंतची चार पावलं बऱ्याच घड्याळांत येतच नाहीत, कारण सलग दहाएक पावलं पडल्याशिवाय ती मोजायला लागत नाहीत. म्हणजे दिवसभर घरात राबणाऱ्या बाईची खरी पावलं गळतात आणि न चाललेली चढतात. मला हे फार खटकतं.

*

मी आळंदीहून पंढरपूरला पायी गेलो होतो. हातात टाळ. विसाव्याला बसून भजन चालू असलं तरी आकडा पुढे सरकायचा. दिवेघाट चढून सासवडला पोचलो त्या दिवशी मनगटावर 61 हजार आणि खिशातल्या मोबाइलवर 47 हजार. मी मोबाइलचा आकडा मानला. खिसा मांडीबरोबर हलतो, टाळाबरोबर नाही.

*

खड्ड्यांच्या रस्त्याने स्कूटरवरून ऑफिसला जाताना माझी रोज दोन-तीनशे पावलं वाढतात. ती मी वजा करते.

*

माझे वडील 81 वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर वॉकर. पहिल्यांदा हॉलमधून गॅलरीपर्यंत स्वतः गेले, मी मागे मोजत होतो, 36 पावलं. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. शून्य. "मी चाललो ना रे?" असं त्यांनी मला विचारलं. वॉकर घट्ट धरलेला हात झुलत नाही, पाऊलही सावकाश पडतं, मग घड्याळाला काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ते घोट्याला बांधलं. पट्टा पुरेना, म्हणून पायजम्याची जुनी नाडी जोडली. तेवढ्याच अंतराला 31 आली. आता बाबा कॅलेंडरवर पेन्सिलीने फेऱ्याही लिहितात. हळू चालणाऱ्या माणसाच्या घरी घड्याळाचा शून्य खरा मानू नका, एवढी कळकळीची विनंती.

*

ताई, रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत असं म्हणतात, त्याचं दडपण घेऊ नका. तो आकडा जपानमधून आला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं. त्याचं नाव 'मान्पोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. अमेरिकेत 2019 साली वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय 72. रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500 च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. घड्याळ तेच, हात तोच ठेवा आणि आजचा आकडा कालच्याशी ताडून बघा. शेजारणीच्या घड्याळाशी तुलना करू नका, दोन कंपन्यांची गणितं वेगळी असतात.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कणीक मळायच्या आधीच बँड काढून खिडकीत ठेवला. रात्री 2,960 आली. माझा खरा आकडा हा, आता इथून वाढवते. आणि बाबांच्या फेऱ्या किती झाल्या, ते अधूनमधून कळवत राहा.