मदत हवी आहे: डॉकरमध्ये बॅकएंडला डेटाबेस सापडत नाही (अर्जंट!!)

नवखा_कोडर
नमस्कार मंडळी. ॲपचा बॅकएंड (सर्व्हरचा भाग) आणि डेटाबेस डॉकरच्या वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यांत, चालवतोय. कंटेनर सुरू होतात पण बॅकएंड दोन सेकंदांत मान टाकतो. एरर: कनेक्शन रिफ्यूज्ड, १२७.०.०.१:३३०६. हाच कोड डॉकरशिवाय मस्त चालतो. डॉकर काढून परत टाकून झालं. लीड गावी गेलाय, फोन लागत नाही. उद्या सकाळी दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

मुक्ता_ध
बॅकएंड कशात आहे? विंडोज की लिनक्स? कंपोज फाइल (सगळे कंटेनर एकत्र सुरू करायची फाइल) आहे की एकेक कंटेनर हाताने चालवतोयस? ‘डॉकर पीएस’ला, म्हणजे चालू कंटेनरच्या यादीत, काय दिसतं? एवढ्या माहितीवर ज्योतिषीसुद्धा सांगू शकणार नाही.

टर्मिनलतात्या
विंडोजच असणार, पैज लावतो. उबंटू टाका, निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

नवखा_कोडर
विंडोज ११ आहे. ऑफिसचा लॅपटॉप, उबंटू टाकू देत नाहीत. बॅकएंड नोड-एक्सप्रेसमध्ये, डेटाबेस (डीबी) मायएसक्यूएल. कंपोज फाइल लीडने दिलीय. ‘डॉकर पीएस’मध्ये फक्त डीबी दिसतो, बॅकएंड नाही.

बाळू_कट्टेकर
मला १००% हेच झालं होतं. बॅकएंडखाली ‘डिपेंड्स ऑन’ टाक. डेटाबेस उठायच्या आत बॅकएंड धावतो, म्हणून.

मुक्ता_ध
@बाळू, नुसत्या ‘डिपेंड्स ऑन’ने डीबीचा कंटेनर सुरू झाला की नाही एवढंच बघितलं जातं. आतला मायएसक्यूएल कनेक्शन घ्यायला तयार आहे की नाही ते नाही. त्यासाठी हेल्थचेक (तयार आहे का ते तपासणारी कमांड) लिहून ‘सर्व्हिस हेल्दी’ची अट घालावी लागते. शिवाय इथे ते कारण वाटत नाही.
@नवखा, एन्व फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) डीबी होस्ट, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, काय आहे?

बाळू_कट्टेकर
माझ्याकडे तर ‘डिपेंड्स ऑन’नेच चाललं. पुस्तकी ज्ञान वेगळं आणि अनुभव वेगळा.

नवखा_कोडर
होस्ट १२७.०.०.१ आहे. पण ते बरोबरच आहे ना? लॅपटॉपवर असंच चालतं. ‘डिपेंड्स ऑन’ आधीपासून आहे.

मुक्ता_ध
सापडलं. प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क वेगळं असतं. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’, आणि ते विचारतोय तुझा बॅकएंड. शेजाऱ्यांच्या घरात बसून ‘आपल्या फ्रिजमधलं पाणी दे’ म्हटल्यासारखं आहे हे. फ्रिज शेजाऱ्यांचा उघडला जाणार. बॅकएंडच्या कंटेनरमध्ये मायएसक्यूएल नाहीच, म्हणून रिफ्यूज्ड. कंपोज सगळ्या सर्व्हिसना एका नेटवर्कवर ठेवतं आणि सर्व्हिसचं नाव हाच पत्ता होतो. डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव ‘डीबी’ असेल तर होस्टलाही तेच लिही.

निवांत_काका
तुम्हा मुलांना वाटतं प्रोसेस अशा वेगळ्या कोंडायचं तंत्र डॉकरने शोधलं. डॉकर आलं २०१३ साली. युनिक्समध्ये सी-एच-रूट १९७९ पासून आहे, फ्रीबीएसडीचे जेल २००० चे, मग सोलारिसचे झोन. लिनक्स कर्नेलमधले नेमस्पेस आणि सी-ग्रुप नसते तर डॉकर उभंच राहिलं नसतं. नेमस्पेस प्रोसेसला दुसरं काही दिसू देत नाही, सी-ग्रुप तिला मेमरी-सीपीयू मोजून देतो. मुक्ताताईंनी सांगितलं ते नेटवर्क नेमस्पेसमुळे. आजकाल पाया न शिकता थेट चौथ्या मजल्यावर चढतात.

टर्मिनलतात्या
+१ काका. आणि विंडोजवर हे सगळं सहसा डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या, लिनक्समध्येच चालतं. म्हणजे फिरून लिनक्सच! मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

परवानाप्रेमी
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. ऑफिसचं काम असेल तर डॉकर डेस्कटॉप सरसकट फुकट नाही. कंपनीत २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत असेल तरच. त्याऐवजी फुकटचं पॉडमन वापरा, डोक्याला ताप नाही.

नवखा_कोडर
आमची कंपनी एका खोलीत मावते हो. होस्ट ‘डीबी’ केला, तरी नाही!! आता कनेक्शन रिफ्यूज्ड १७२.१८.०.२:३३०७.

मुक्ता_ध
पत्ता बदलला, म्हणजे नाव सापडलं. पण शेवटचा हा पोर्ट नंबर ३३०७ कुठून आला?

नवखा_कोडर
लॅपटॉपवर झॅम्पही आहे (वेबसर्व्हर, मायएसक्यूएल, पीएचपीचा तयार संच), त्याचा मायएसक्यूएल ३३०६ वर चालू असतो. डॉकर म्हणालं पोर्ट वापरात आहे, म्हणून कंपोजमध्ये ३३०७:३३०६ केलं आणि आता एन्वमध्येही ३३०७.

बाळू_कट्टेकर
झॅम्प आहे हे आत्ता सांगतोयस? झॅम्प बंद कर, संपला विषय. खरं तर डॉकर बंद कर आणि झॅम्प चालू ठेव. नवीन पोरांना कशाला हवाय हा व्याप? आम्ही झॅम्पवर क्लायंटच्या साइट उभ्या केल्या.

मुक्ता_ध
आणि त्या साइट सर्व्हरवर टाकताना पीएचपीचं व्हर्जन जुळेना म्हणून रात्र जागवली, ते पण सांग ना.
@नवखा, झॅम्प राहू दे. ३३०७:३३०६ मध्ये डावा आकडा लॅपटॉपसाठी, उजवा कंटेनरच्या आतला. लॅपटॉपवरच्या वर्कबेंचमधून (डेटाबेस बघायचं ॲप) बघायचं तर ३३०७. बॅकएंड आतूनच बोलतोय, त्याला कायम ३३०६. किंबहुना पोर्टची ती ओळ पूर्ण काढलीस तरी बॅकएंडचं अडणार नाही.

क्लाउडवाली
मी तर म्हणते आत्ताच कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं) शिकून घे, पुढे करायचंच आहे.

निवांत_काका
ताई, त्याला उद्या सकाळी दाखवायचंय.

नवखा_कोडर
आता ‘ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर रूट’. वैताग आलाय. पासवर्ड दोन्हीकडे तोच आहे, मघाशीच बदललाय.

बाळू_कट्टेकर
‘डॉकर कंपोज डाउन’ला डॅश व्ही लावून मार आणि परत अप कर.

मुक्ता_ध
थांब! डॅश व्ही म्हणजे व्हॉल्यूमही उडतो, म्हणजे आतला सगळा डेटा. @बाळू, नवख्या माणसाला हे न सांगता असली कमांड देऊ नये.
मायएसक्यूएलची इमेज (कंटेनरचा साचा) रूट पासवर्डचं व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा वाचते, डेटाची डिरेक्टरी रिकामी असताना. नंतर कंपोजमध्ये कितीही बदल, व्हॉल्यूममध्ये जुनाच राहतो. आत काही जपण्यासारखं आहे का?

नवखा_कोडर
नाही, टेबलं मायग्रेशनच्या स्क्रिप्टने परत बनतात.

मुक्ता_ध
मग खुशाल उडव. डेटा हवा असता तर जुन्या पासवर्डने आत शिरून ‘ऑल्टर यूजर’ने बदलायचा असता.

बाळू_कट्टेकर
म्हणजे शेवटी माझीच कमांड. नोंद घ्यावी.

नवखा_कोडर
चाललं!!! मुक्ताताई, चहा लागू. अजून एक छोटंसं: कोड बदलला तरी ब्राउझरमध्ये जुनंच दिसतं. दर वेळी परत बिल्ड करायचं का?

टर्मिनलतात्या
उबंटूवर असं होत नाही.

मुक्ता_ध
उबंटूवरही होतं. @नवखा, कंपोजमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर बॅकएंडला माउंट केलंय (थेट जोडलंय), की कोड फक्त इमेजमध्ये कॉपी होतोय? माउंट असेल तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर आहे की डब्ल्यूएसएलच्या आत? आणि कोड बदलला की बॅकएंड परत सुरू करणारं नोडमॉन वगैरे लावलंय का? या वेळी तिन्ही उत्तरं एकदम दे.