मदत हवी आहे: कोअरलेस मोटरच्या शंटरमध्ये डीकोडर लावल्यापासून मोटर फार तापते

नमस्कार. मी ठाणे पूर्वेला, कोपरी येथे राहतो. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा दिवा जंक्शनच्या यार्डाचा एचओ प्रमाणातील (१:८७) मॉडेल रेल्वेचा देखावा मांडायचा आहे आणि दर्शनाच्या वेळेत त्यात डब्ल्यूडीएस-६ शंटरने (यार्डात डबे हलवणाऱ्या डिझेल इंजिनाने) डबे घेऊन अगदी मंद गतीने मागेपुढे करत राहावे, अशी योजना आहे. इंजिनाचे हूड अरुंद असल्यामुळे नेहमीची लोखंडी गाभ्याची मोटर त्यात मावत नव्हती, म्हणून मी १२ व्होल्टची लहान कोअरलेस (गाभा नसलेली) मोटर बसवली. फिरत्या भागात लोखंड नसल्यामुळे ही मोटर चुंबकापाशी अडखळत नाही आणि मंद गतीला ती फार सुरेख चालते. शंटिंगसाठी मला नेमके तेच हवे होते.

साध्या डीसी कंट्रोलरवर इंजिन बराच वेळ चालवले, तरी मोटर फक्त कोमट होते. डीसीसी (रुळांतून डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) डीकोडर, म्हणजे त्या आज्ञा ओळखून मोटर चालवणारी इंजिनातली पट्टी, जोडल्यावर मात्र पहिल्या काही वेगपायऱ्यांवर स्पष्ट गुणगुण ऐकू येते आणि थोड्याच वेळात मोटर इतकी तापते की तिच्यावर बोट ठेवता येत नाही. डीकोडर जुन्या बनावटीचा आहे; त्याच्यासोबतच्या पत्रकात पीडब्ल्यूएमच्या (मोटरला वीज तुकड्यातुकड्यांनी देण्याच्या) वारंवारतेचा उल्लेख नाही. लोड कंट्रोल (ओझे बदलले तरी वेग कायम राखणारी सोय) चालू ठेवले, तर इंजिन गचके देत निघते. बंद केले, तर ते सफाईने निघते, पण वळणावर डब्यांच्या ओढीने थांबते. शिवाय प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडर जुळवण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही, म्हणजे डीकोडरमधली क्रमांकित मूल्ये, लिहिले जातात, पण वाचताना बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. मल्टिमीटरवर मोटरचा रोध सुमारे १२० ओहम येतो. मोटरच्या टोकांवर खरखर रोखणारा लहान कपॅसिटर अजून तसाच आहे.

हा दोष सीव्हींची मूल्ये बदलून दूर होण्यासारखा आहे की डीकोडरच बदलावा लागेल, हे मला समजून घ्यायचे आहे. देखावा रोज संध्याकाळी कित्येक तास चालणार आहे, मुले तो पाहायला येणार आहेत आणि बंद हूडमध्ये हवा खेळत नाही; त्यामुळे तात्पुरत्या उपायावर मला समाधान मानता येणार नाही. ज्यांनी अशा मोटरवर डीकोडर वापरला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (नेरुळहून):

नमस्कार. आपण दिलेल्या लक्षणांवरून मोटर निर्दोष आहे आणि डीकोडर तिला मानवणारा नाही, असे माझे ठाम मत आहे. डीकोडर मोटरला पूर्ण व्होल्टेजचे तुकडे देतो. लोखंडी गाभ्याच्या मोटरचा इंडक्टन्स (करंटमधील बदलाला होणारा विरोध) भरपूर असल्यामुळे त्या तुकड्यांमधला करंट बराचसा सपाट होतो. कोअरलेस मोटरचा इंडक्टन्स अत्यल्प असल्यामुळे कमी वारंवारतेला करंट प्रत्येक तुकड्यात पूर्ण चढतो आणि पूर्ण उतरतो. गाडी ओढण्याचे बळ सरासरी करंटवर अवलंबून असते, उष्णता मात्र करंटच्या वर्गावर. मोटर नुकतीच सुटत असताना डीकोडर एक चतुर्थांश वेळच वीज देत असेल, तर तेवढ्याच बळासाठी सपाट करंटच्या चौपट उष्णता तयार होते. ती शोषून घ्यायला आत लोखंड नाही. पातळ तारेची पोकळ गुंडाळी लगेच तापते, आणि फार तापली तर तिचा आकार बिघडून ती चुंबकाला घासू लागते. म्हणून या डीकोडरवर ती मोटर यापुढे चालवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

ज्याची वारंवारता २० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक आहे, असाच डीकोडर घ्यावा. ४० किलोहर्ट्झ मिळाला तर उत्तम, कारण इतक्या लहान मोटरमध्ये २० किलोहर्ट्झलाही करंटचा चढउतार काहीसा उरतोच. गुणगुणही थांबेल, कारण ती वारंवारता आपल्या कानांच्या पलीकडची आहे. कपॅसिटर काढून टाकावा; उच्च वारंवारतेला तो डीकोडरवर विनाकारण भार टाकतो आणि बॅक ईएमएफचे (फिरत्या मोटरमध्ये तयार होणाऱ्या, तिचा वेग सांगणाऱ्या व्होल्टेजचे) मोजमाप बिघडवतो.

गचक्यांचे कारण थोडे वेगळे आहे. बॅक ईएमएफ मोजण्यासाठी डीकोडर क्षणभर वीज तोडतो. जड रोटर (मोटरचा फिरता भाग) तेवढ्या वेळात आपली गती राखतो, हा हलका रोटर मंदावतो, आणि मग डीकोडर गरजेपेक्षा मोठा धक्का देतो. नव्या डीकोडरमध्ये लोड कंट्रोल बंद न करता त्याची तीव्रता कमी करावी. झिमो कंपनीच्या एमएक्स डीकोडर मालिकेच्या पुस्तिकेत फाउलहाबरसारख्या कोअरलेस मोटरसाठी सीव्ही ५६ मध्ये १०० या मूल्यापासून सुरुवात करायला सांगितले आहे. तिथून पुढे एकेक पायरी बदलत, डबे जोडूनच चाचणी घ्यावी. रिकाम्या इंजिनावर जुळवलेली मूल्ये ओझ्याखाली टिकत नाहीत.

सीव्ही वाचताना डीकोडरने सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअरचा जादा भार दाखवायचा असतो, आणि तो सहसा मोटरमधूनच दाखवला जातो. आपली मोटर १२ व्होल्टला जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर घेईल, आणि तेही रोटर हलू लागताच घटून ६० च्या खाली जाऊ शकतात. वाचनापुरता मोटरच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रोधक जोडून पाहावा व नंतर आठवणीने काढावा.

आणखी एक सावधगिरी सांगतो. काही डीसीसी यंत्रणांमध्ये पत्ता (इंजिनाचा क्रमांक) ० वापरून डीकोडर नसलेले इंजिनही चालवता येते. कोअरलेस मोटरचे इंजिन तसे कधीही ठेवू नये, कारण रुळांवरचा डीसीसी संदेश उभ्या असलेल्या मोटरमधूनही वाहत राहतो आणि ती जागच्या जागी जळू शकते.

माझ्याकडे ४० किलोहर्ट्झचा एक डीकोडर सध्या मोकळा आहे. खरेदी करण्यापूर्वी आपण इंजिन, दोन-तीन डबे आणि मोटरची मूळ माहिती घेऊन रविवारी नेरुळला यावे; माझ्या रुळांवर तासभर सलग चालवून तापमान मोजू आणि मगच काय घ्यायचे ते ठरवू.

मूळ धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. कपॅसिटर आजच काढतो आणि जुना डीकोडर बाजूला ठेवतो. रविवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतो. यार्डातल्या वळणाची त्रिज्या माझ्याकडे लहान आहे. शक्य असल्यास तेवढ्याच त्रिज्येचे वळण जोडून ठेवावे, म्हणजे ओझ्याची चाचणी खऱ्या स्थितीत होईल.