स्क्रीनवर हिरवे-गुलाबी चौकोन यायलेत, ग्राफिक्स कार्ड गेलं का ड्रायव्हर?

अल्बमवाला_मंगळवारपेठ
भावांनो जरा अर्जंट हाय. मी घरीच लग्नाचे अल्बम डिझाईन करतो. पीसीचा प्रोसेसर आय५ १०४००, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र काढतंय ते) आरएक्स ५८० आठ जीबी, दीड वर्षामागं सेकंडहँड घेतलेलं. परवापासनं पंधरा-वीस मिनिटं काम केलं की बारके हिरवे-गुलाबी चौकोन येतात, बुद्धिबळाच्या पटागत. काल नवरीच्या शालूवर पडले तर मला वाटलं बुट्ट्याच हायत, झूम केलं तर शालू मोठा झाला खरं चौकोन जागचे हललेच न्हाईत! ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोनदा टाकला, केबल बदलून झाली, दुकानदार म्हणतोय मॉनिटर बदला. शनिवारी अल्बम द्यायचाय, पार्टी रोज फोन करायली.

तांबडा_पांढरा
मॉनिटरला पैसे घालू नकोस अजून. चौकोन आले की स्क्रीनशॉट मार आणि मोबाईलवर पाठवून तिथं बघ, त्याच पीसीवर बघशील तर कळायचं न्हाई. स्क्रीनशॉटमध्ये पण चौकोन आले तर घोळ कार्डात, न्हाई आले तर केबल, मॉनिटर न्हाईतर कार्डाचं आउटपुट. आणि तापलेलं असतानाच रिस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन) जा. तिथं विंडोजचा ड्रायव्हर नसतोय, तिथं पण दिसले तर ड्रायव्हरचा विषय संपला. ड्रायव्हर टाकताना सेफ मोडमध्ये डीडीयूनं (ड्रायव्हर मुळापासनं काढणारं सॉफ्टवेअर) जुना पुसलेलास का, का वरच्या वर टाकलास?

हीटगन_नको
चौकोन म्हटलं की माझा पहिला संशय कार्डाच्या मेमरीवर. असली लय कार्डं क्रिप्टो कॉइनच्या मायनिंगमधनं आलेत, दिवसरात्र पळून मेमरी दमलेली असते आणि वर कार्डाचा स्वतःचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) पण बदललेला असतोय. काही मॉडेलला कडेला दोन बायोसचं बारकं बटण असतंय, पीसी बंद करून दुसरीकडं सरकवून बघ. आफ्टरबर्नरमधनं (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) मेमरीचा वेग २००० मेगाहर्ट्झवरनं १७५० ला आण, चौकोन कमी झाले तर समज मेमरीच.
एक सांगतो, कुणी म्हटलं चिप तापवून कार्ड दुरुस्त करून देतो तर देऊ नकोस. मी दिलेलं एका दुकानात, १५०० घेतले, बारा दिवस मस्त चाललं आणि तेराव्याला स्क्रीन काळी. तेरावंच घातलं म्हणायचं. यूट्यूबवर बघून ओव्हनमध्ये तर अजिबात घालू नकोस, प्लास्टिकचा धूर होतोय आणि आईनं त्यात परत नानकटाई करायची असते.

अल्बमवाला_मंगळवारपेठ
केलं सगळं. डीडीयू केलं, फरक न्हाई. स्क्रीनशॉट मोबाईलवर बघितला, चौकोन हायतच. गरम असताना बायोसमध्ये गेलो तर तिथल्या निळ्या पट्टीवर पण ठिपके. बटण माझ्या कार्डाला न्हाईच. मेमरी १७५० केल्यावर वीस मिनिटांचे सव्वा तास झाले, खरं आलेच शेवटी. मग कार्ड उघडलं, चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर काढायला लावतात ती) पापडागत वाळून खपल्या पडायल्या. नवीन लावली, तापमान ८४ वरनं ७१ वर आलं, मला वाटलं जिंकलो. चौकोन तसेच.

तांबडा_पांढरा
मर्दा मग गेली मेमरी. चिप बदलून मिळते, खरं ५८० साठी तेवढा खर्च परवडायचा न्हाई. तुझा प्रोसेसर १०४०० हाय न, आकड्यामागं एफ न्हाई न? मग प्रोसेसरातच ऑनबोर्ड ग्राफिक्स हाय की, एफवाल्यात ते नसतंय! कार्ड काढ, एचडीएमआय मदरबोर्डला लाव आणि शनिवार गाठ.

अल्बमवाला_मंगळवारपेठ
एफ न्हाई, बॉक्सवर बघितलं. लावलं की चालू! फोटोशॉपचं लिक्विफाय जरा अडखळतंय खरं शालू एकदम स्वच्छ. चाळीस पानांतली एकतीस झाली. कार्डाचे पंखे चांगले हायत, कुणाला पाहिजेत तर सांगा.